आधी बाबांच्या घरी जाऊन या

प्रिय ताई,

येशूच्या नावात सलाम.

तुमचं पत्र मोठं आहे आणि तुम्ही ते मोकळेपणानं लिहिलंय, म्हणून उत्तरही मोकळेपणानं देते. इतर वाचकांसाठी पत्रातला मजकूर थोडक्यात सांगते. ताई पुण्यात शिक्षिका होत्या. भाऊ, म्हणजे त्यांचे यजमान, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. मुलं मार्गी लागली. नगर जिल्ह्यात, पाथर्डीकडच्या एका गावात वीसेक घरांची जुनी ख्रिस्ती मंडळी आहे. तिथल्या पाळकसाहेबांकडे पाच गावं असल्यामुळे त्यांना महिन्यातून एखाद्याच रविवारी तिथं यायला जमतं. त्यांनी विनंती केली म्हणून हे दोघं वर्षभरासाठी स्वतःच्या खर्चानं सेवेला गेले आणि जूनपासून चर्चमागच्या दोन खोल्यांत राहतात. भाऊंनी मंडळीचे हिशेब लावले, उपासना नऊच्या ठोक्याला सुरू केली, गीतं पडद्यावर दाखवायला प्रोजेक्टर आणला, व्हॉट्सअ‍ॅपवर मंडळीचा गट काढला, आणि पाळकसाहेब नसतील त्या रविवारी संदेशही तेच देऊ लागले. या मंडळीत एक वयस्क गृहस्थ आहेत, सगळे त्यांना बाबा म्हणतात. चर्चची किल्ली त्यांच्याकडे असायची, घंटा ते वाजवायचे, पाळक नसले की शास्त्रपाठ आणि प्रार्थना तेच चालवायचे. गणपतीच्या सुमारास त्यांनी यायचं बंद केलं. दसऱ्यानंतर तर निम्मी बाकंच रिकामी पडली. बायका ताईंशी आदरानं वागतात, पण मनातलं बोलत नाहीत. लोक पैसे मागायला येतात. घरात नवराबायकोत धुसफूस सुरू झाली आहे आणि मुलं फोनवर सांगतात, परत या.

राहावं की परतावं, हा तुमचा पहिला प्रश्न. राहा. आणि येत्या रविवारच्या आत दोघं बाबांच्या घरी जाऊन या.

हे आधी सांगायचं कारण असं की तुमच्या पत्रात बाबांवर चारच ओळी आहेत, आणि मला मात्र सगळं पत्र त्यांच्याभोवतीच फिरताना दिसलं. तुम्ही लिहिता, भाऊंनी त्यांना एका शब्दानं दुखावलं नाही. मला ते पटतं. पण जी किल्ली इतकी वर्षं त्यांच्या कनवटीला होती तिची दुसरी किल्ली करून घेतली गेली, आणि ते येण्याआधीच दार उघडलेलं दिसू लागलं. घंटा घड्याळावर वाजू लागली. शास्त्रपाठ पडद्यावर आला आणि त्यांना तो नीट दिसत नाही. शेतमजुरी करून, कोणाकडून एक पैसा न घेता, पाळक असोत वा नसोत, या माणसानं मंडळी एकत्र ठेवली. पुण्याहून शिकलेली माणसं आली आणि त्यांच्या वाट्याला शेवटचं बाक उरलं. त्यांनी भांडण केलं नाही, ते घरी बसले. आपल्या खेड्यातली माणसं अपमान झाला की बहुधा असंच करतात.

जाताना काही भेटवस्तू नेऊ नका, आणि पाळकसाहेबांना मध्यस्थ म्हणूनही नेऊ नका. संध्याकाळी, ते शेतावरून आल्यावर जा. जेवायचा आग्रह झाला तर भाकरी खा, नुसत्या चहावर उठू नका. मिशनच्या काळात मिशनरींच्या बंगल्यातली माणसं आणि वस्तीतली माणसं एका ताटात फारशी जेवली नाहीत, आणि त्याची आठवण या मंडळ्यांत अजून पुसलेली नाही. तुम्ही बंगल्यातले नाही, पण ज्या खोल्यांत राहता त्या बंगल्याच्याच आवारातल्या आहेत. मग भाऊंनी स्वतःच्या तोंडानं सांगावं, की बाबा, किल्ली तुमच्याकडेच राहील, दुसरी किल्ली आम्ही ठेवत नाही, आणि पाळकसाहेब नसतील त्या रविवारी उपासना पूर्वीसारखी तुम्ही चालवा, मी समोर बसून ऐकेन. ‘आपण दोघं मिळून चालवू’ असं म्हणू नका. दोघं मिळून म्हटलं की गावात शिकलेलाच पुढे होतो आणि दुसरा मान डोलावतो.

ते पहिल्या भेटीत हो म्हणणार नाहीत. पुन्हा जा.

भाऊंना हे जड जाईल, आणि त्यात त्यांचा दोष आहे असं मी मानत नाही. आयुष्यभर शाखा चालवलेला माणूस बिघडलेलं काम पाहून गप्प कसा बसेल? त्यांनी लावलेले हिशेब हे खरं चांगलं काम आहे. दानार्पणाचे पैसे कोणाच्या तरी ट्रंकेत राहायचे, ते आता बँकेत, दोघांच्या सहीनं निघतील अशा खात्यात आहेत, हे वाचून मला आनंद झाला. पण ती वही आज कोण लिहितं? भाऊ लिहितात. तुम्ही पुण्याला परतलात की ती वही बंद पडेल. पत्रात तुम्ही कॉमर्सला शिकणाऱ्या एका मुलीचा उल्लेख केलाय. दर रविवारी उपासनेनंतर भाऊंनी तिला शेजारी बसवावं, वही तिनं लिहावी, त्यांनी नुसतं बघावं. तिनं खाडाखोड केली तरी वही तिच्याच हाती राहू द्या. वर्षअखेरीला मंडळीपुढे हिशेब तिनं वाचून दाखवला, तर भाऊंचं इथं येणं सार्थकी लागलं असं मी म्हणेन.

या जिल्ह्याचा इतिहास भाऊंना सांगा, कारण तो त्यांच्याच प्रश्नाचा इतिहास आहे. अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले आणि 1831 साली नगरला आले. काही वर्षांतच त्यांच्यापुढे हाच पेच उभा राहिला, की मंडळी चालवायची कोणी? गोऱ्या साहेबानं चालवली की ती नीट चालते, पण साहेबावरच चालते. त्यांच्या बोस्टनच्या मुख्य कचेरीचे चिटणीस रूफस अँडरसन 1854-55 मध्ये पाहणीसाठी इकडे आले होते. त्यांचा आग्रह असा, की मंडळीनं आपला कारभार स्वतः पाहावा, आपला खर्च स्वतः भागवावा, सुवार्ता स्वतः सांगावी, आणि मिशनरीनं तिथून पुढे निघून जावं. त्याच सुमारास हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. दिशा बरोबर होती. पण पुढे 1876-78 चा दुष्काळ पडला, त्यानंतर गावोगावची गरीब माणसं मोठ्या संख्येनं मंडळीत आली, शाळा, वसतिगृहं, दवाखाने वाढले, आणि पगार, इमारत, निर्णय या सगळ्यासाठी लोक मिशनकडेच बघत राहिले. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांना हे इतकं खुपलं की 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा उभा करायला घेतला. तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते, हाताशी दोनच वर्षं उरली होती. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात अनेक मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, कारभार आपल्या माणसांच्या हाती आला. तरीही एखाद्या लहान गावात ‘वरून कोणीतरी येईल आणि करील’ ही सवय अजून टिकून आहे. भाऊ गेले आणि त्यांनी केलं, त्यामुळे ती सवय आणखी पक्की झाली. बाबांसारखी दोनचार माणसं त्या सवयीला अपवाद होती, आणि म्हणूनच त्यांचं घरी बसणं मला तुमच्या सगळ्या अडचणींत मोठं वाटतं.

सेवेला निघालेल्या जोडप्यांसाठी शास्त्रातलं माझं आवडतं घर प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांचं आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 18 दोघांनी मिळून पुन्हा वाचा. क्लौद्य बादशहानं यहूद्यांना रोम सोडायला लावलं म्हणून हे जोडपं करिंथला आलं. राहुट्या करण्याचा धंदा होता, पौल त्यांच्याच घरी राहिला आणि त्यांच्याबरोबर काम करू लागला. पुढे इफिसात अपुल्लोस नावाचा विद्वान, आवेशी वक्ता सभास्थानात बोलू लागला, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. या दोघांना त्याची उणीव कळली. त्यांनी त्याला सभेत टोकलं नाही, त्याच्या जागी स्वतः बोलायला उभे राहिले नाहीत. त्याला आपल्याकडे नेलं आणि मार्ग अधिक नीट समजावून दिला. मग अपुल्लोस अखयाला गेला आणि तिथल्या मंडळीला त्याचा फार उपयोग झाला. बाबांच्या संदेशात चुका असतात, असं भाऊंना वाटत असेल. असतीलही. शनिवारी संध्याकाळी ओट्यावर बसून दोघांनी उद्याचा उतारा वाचावा, जे बोलायचं ते तिथं बोलावं.

आता रिकाम्या बाकांबद्दल. ताई, दसऱ्यानंतर माणसं तुमच्यावर रुसून गेली नाहीत, ती ऊसतोडीला गेली. पाथर्डीकडच्या कोरडवाहू गावांत हे दरवर्षी होतं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कारखाने सुरू झाले की नवराबायको, कधी लेकरांसकट, फडावर जातात आणि मार्च-एप्रिलशिवाय घरी येत नाहीत. नाताळही तिकडेच, फडावरच्या झोपडीत, कोपीत होतो. भाऊंनी व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘उपासनेला नियमित या’ असं लिहिलं, ते तिकडे उसाच्या मोळ्या बांधता बांधता कोणीतरी वाचलं असेल. तो मजकूर काढून टाका. त्यापेक्षा कोणतं घर कोणत्या कारखान्यावर गेलंय ते बाबांकडून समजून घ्या, आणि नाताळच्या आठवड्यात तुम्ही दोघं, बाबा आणि पेटी वाजवणारा एखादा तरुण, जवळच्या फडावर जा. गाड्या भरायचं काम पहाटेपासून चालतं, तेव्हा वेळ त्यांना विचारून ठरवा. दोन भजनं, एक प्रार्थना, थोडा फराळ, एवढं पुरे. मागे राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी आणि शाळकरी पोरांसाठी गावातली उपासना संध्याकाळी घेतली तर जास्त लोक येतील का, हेही बाबांनाच ठरवू द्या. नऊचा ठोका पुण्यात सोयीचा आहे. तिथं नऊ वाजता बाई पाण्याच्या नाहीतर सरपणाच्या मागे असते.

प्रोजेक्टर विकू नका, पण रविवारी गुंडाळून ठेवा. टिळकांची भजनं त्या लोकांना पाठ आहेत, टाळ आणि ढोलकी त्यांच्याकडे आहे. पोरांना सुट्टीत काही दाखवायला तो उपयोगी येईल.

बायका बोलत नाहीत, याचं तुम्हाला फार लागलंय. तुम्ही बुधवारी दुपारी तीन वाजता महिला सभा ठेवता, खुर्च्या गोल मांडता, उतारा वाचून ‘तुम्हाला काय वाटतं’ असं विचारता. तुम्ही उत्तम शिक्षिका असणार, पण त्या बायकांना शाळेत हाच प्रश्न विचारला गेला होता आणि उत्तर चुकलं की काय झालं हे त्यांना आठवतं. जुन्या काळच्या बायबलबाया, म्हणजे बायकांना शास्त्र सांगणाऱ्या सेविका, खुर्च्या मांडत नव्हत्या. त्या घरोघरी जायच्या, चुलीपाशी बसायच्या, निवडायला घेतलेलं सूप आपल्याकडे ओढायच्या आणि हात चालू ठेवून बोलायच्या. तुम्ही तेच करा. शेंगा फोडायला, लसूण सोलायला, गोधडी शिवायला बसा. तुमच्या गुडघ्यांना जमिनीवर बसवत नसेल तर पाट मागा, कोणी हसणार नाही. पहिले काही आठवडे शास्त्र काढूच नका. त्यांच्या सुनांची नावं, माहेरची गावं, कोणाचं बाळंतपण कुठं झालं, हे ऐका. आणि तुमचंही सांगा. धाकटी मुलगी परदेशात गेल्यापासून रात्री झोप लागत नाही, असं तुम्ही मला लिहिलंत. ते त्यांनाही सांगा. त्यांच्यातल्या कितीतरी जणी लेकरं सासूकडे टाकून फडावर गेलेल्या आहेत. त्यांना तुमचं दुःख कोणी समजावून द्यावं लागणार नाही.

एक नाजूक गोष्ट. भाऊंनी मंडळीची नोंदवही नव्यानं करायला घेतली आहे, त्यात प्रत्येकाचं नाव, जात, आधार क्रमांक आणि बाप्तिस्म्याची तारीख लिहायची असं ठरवलंय, असं तुम्ही लिहिता. हे काम आजच थांबवा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला, 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलितांना आजपर्यंत मिळालेला नाही. त्यामुळे कितीतरी घरांत श्रद्धा एक आणि दाखल्यावर दुसरं अशी ओढाताण पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. मुलाची शिष्यवृत्ती, नोकरी, घरकुल, सगळं त्या कागदावर अवलंबून असतं. त्यांनी काय लिहावं हे त्यांना सांगायचा अधिकार शहरातल्या निवृत्त माणसांना नाही, मलाही नाही. बाप्तिस्मा, विवाह यांच्या रीतसर नोंदी पाळकसाहेबांकडे असतात, त्या तिथंच राहू द्या. उपासनेतले फोटो गटावर टाकणंही बंद करा. तुम्हाला ती आठवण वाटते, पण फोटो कुठं कुठं फिरतो ते आपल्या हातात नसतं.

पैशांबद्दल मी थोडी कठोर होणार आहे. उसने देऊ नका, कोणालाच. एकाला दिले की दुसऱ्याला का नाही, हा प्रश्न येतो. ज्याला दिले तो परत करता येत नाही म्हणून तोंड चुकवतो आणि चर्चला येणंही सोडतो. खरी अडचण असेल तर ती मंडळीच्या कमिटीपुढे जावी, मंडळीच्या निधीतून जेवढं होईल तेवढं व्हावं. तुम्हाला द्यायचंच असेल तर नाव न सांगता दानार्पणाच्या पेटीत टाका, म्हणजे देणारी मंडळी ठरते. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट भाऊंकडे आहे, आणि ती गावात दुसऱ्या कोणाकडे नाही. त्यांना कागद कळतात. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज का परत आला, श्रावणबाळ योजनेचे पैसे खात्यात का थांबले, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून कोणत्या रुग्णालयात उपचार होतील, मुकादमानं उचलीच्या हिशेबात काय लिहून घेतलंय, हे सगळं ते समजावून सांगू शकतात. आठवड्यातून एक सकाळ चर्चच्या ओट्यावर नाही तर ग्रामपंचायतीजवळच्या पारावर बसावं आणि जो येईल त्याचा कागद वाचून द्यावा. मंडळीतला असो वा नसो, कोणत्याही जातीधर्माचा असो. त्या बदल्यात कोणाला चर्चला बोलवू नका. शेजाऱ्यांना तुम्ही इथं का राहता हे सरळ सांगा आणि त्यांच्या सुखदुःखाला जा.

तुमच्या दोघांतल्या धुसफुशीचं कारण मला फार खोल वाटत नाही. पुण्यात तुम्हाला चार खोल्या होत्या, तुमच्या मैत्रिणी होत्या, भाऊंचा फिरायचा गट होता. आता दोन खोल्यांत चोवीस तास एकमेकांचं तोंड, आणि जे काही बिघडेल त्याचा राग काढायला दुसरं कोणी नाही. सोमवार सुट्टीचा ठेवा. त्या दिवशी मंडळीचा विषय काढायचा नाही, असं ठरवा. महिन्यातून एकदा दोनतीन दिवस पुण्याला या, रक्तदाब तपासा, औषधं भरून घ्या, नातवंडांत बसा. मुलं परत या म्हणतात, त्यामागे बहुतेक एकच भीती असते, की रात्री काही झालं तर? नगरला कोणत्या दवाखान्यात जायचं, गाडी कोणाची मिळेल, याची चिठ्ठी करून मुलांना पाठवा आणि गावातल्या एका विश्वासू माणसाचा नंबर त्यांना द्या. तेवढ्यानं त्यांचा अर्धा आग्रह कमी होईल. भाऊंना जे सांगायचं ते चारचौघांत मात्र सांगू नका. तुम्ही पत्रात लिहिलेला तो प्रसंग, कमिटीच्या बैठकीत तुम्ही त्यांना ‘तुम्ही जरा गप्प बसा’ म्हणालात, तो त्यांना बाबांच्या न येण्याइतकाच लागला असेल.

राहिली मुदत. अमेरिकेतल्या लेटर-डे सेंट्स चर्चमध्ये निवृत्त जोडपी स्वतःच्या खर्चानं अशाच लहान मंडळ्यांत सेवेला जातात, आणि त्यांची मुदत आधीच ठरलेली असते: 6, 12, 18 किंवा 23 महिने. त्यांची शिकवण आपल्याहून वेगळी आहे, पण ही पद्धत मला आवडते. जाणारा दिवस सगळ्यांना माहीत असला की ‘हे आता कायमचे इथले’ अशी समजूत होत नाही, आणि काम दुसऱ्याच्या हाती देण्याची घाई राहते. तुमचं वर्ष मेअखेर संपतं. पाळकसाहेबांशी बोलून तारीख आत्ताच ठरवा आणि ती मंडळीपुढे बाबांना सांगू द्या. एप्रिलमध्ये ऊसतोडीची माणसं परतली की सगळ्यांची एक बैठक घ्या. वही, खातं, महिला सभा, शनिवारचा पाठ, ओट्यावरची सकाळ, यातलं काय चालू ठेवायचं ते त्यांनी ठरवावं, आणि जे नको असेल ते बंद पडू द्यावं. परतल्यावर काही महिने स्वतःहून फोन करू नका. त्यांनी केला तर जरूर बोला. पुढच्या नाताळला त्यांनी बोलावलं तर पाहुणे म्हणून जा, आणि बाबा सांगतील त्या बाकावर बसा.

तुमची,
सदरातली ताई